ललिताबाईंची मुलाखत

बडनेऱ्याच्या नवी वस्तीतल्या ललिताबाई तायडे यांचं एका सासूशी वैर होतं. सासू त्यांची स्वतःची नव्हे. ती बिचारी केव्हाच वारली होती. ही सासू रोज संध्याकाळी टीव्हीवर यायची, ठसक्यात हिंदी बोलायची, सुनेच्या खिरीत मीठ कालवायची आणि लेकाचे कान भरायची. मेथी निवडता निवडता ललिताबाई तिची अशी खरडपट्टी काढायच्या की बाहेर ओट्यावर बसलेल्या पुंजाजींना आपल्यालाच बोलणी बसताहेत असं वाटायचं.

मग एका दुपारी मोबाइल चाळताना तीच बाई समोर आली. कपाळावर टिकली नाही, अंगावर जड साडी नाही. केस मोकळे, पांढरा शर्ट. समोर बसलेल्या मुलीशी ती खळखळून हसत इंग्रजीत बोलत होती. खाली नाव आलं, देवयानी सहगल. ललिताबाईंनी ती मुलाखत शेवटपर्यंत पाहिली आणि त्यांना कळलं फार तर 'मम्मी', 'शूटिंग' आणि 'थँक्यू'. त्यांना ते फार लागलं. जी बाई रोज आपल्या घरात येऊन रडते-ओरडते, ती खरं काय बोलते हे आपल्याला कळू नये? संध्याकाळी त्यांनी पुण्याला मुलीला फोन लावला.

"रश्मी, शाय म्हंजे काय व?"

"लाजाळू."

"थे बाई म्हने मी लाजाळू हावो," ललिताबाई म्हणाल्या. "पाह्य, खोटी कुठली."

रश्मी हसत सुटली. ललिताबाईंच्या इंग्रजीची सुरुवात ती अशी झाली.

तसं इंग्रजीचं आणि त्यांचं जुनं भांडण होतं. जन्म अकोल्यातल्या अकोट फैल या वस्तीतला. वडील जिनिंग फॅक्टरीत, आई हंगामात कापूस वेचायला जायची. पोरगी अभ्यासात हुशार. गणितात तर मास्तर तिला फळ्यापाशी उभं करायचे. पण दहावीला इंग्रजीत गेली. पुन्हा बसली, पुन्हा गेली. तेवढ्यात बडनेऱ्याहून गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या रेल्वेतल्या पॉइंट्समनचं स्थळ आलं, आणि शाळा तिथंच राहिली. पुढं त्या अंगणवाडीत मदतनीस झाल्या. दुसऱ्यांच्या लेकरांना खिचडी वाढत त्यांनी आपली एकुलती लेक शिकवली. रश्मी पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली, पुंजाजी निवृत्त झाले, आणि ललिताबाईंच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा मोकळी दुपार आली. ती त्यांनी मुलाखतींना देऊन टाकली.

सुरुवात देवयानी सहगलपासून झाली, तरी हळूहळू सगळेच आले. दीर, जावा, खलनायिका, पोलीस, दुसऱ्याच भागात मेलेला मुनीमसुद्धा. ललिताबाईंच्या लवकरच लक्षात आलं की ही माणसं सगळी तेच तेच शब्द बोलतात, आणि शिकणाऱ्याला हे फार सोयीचं असतं. प्रत्येकाची एक 'जर्नी' असायची आणि ती कधीच आगगाडीची नसायची. प्रत्येकाची भूमिका 'चॅलेंजिंग' असायची. प्रत्येकजण कुणाचा तरी 'ग्रेटफुल' असायचा. ऐकलेला शब्द त्या दिवसभर तोंडात घोळवायच्या आणि संध्याकाळी रश्मीला विचारायच्या. एकदा त्यांनी विचारलं की या दोघांची केमिस्ट्री एवढी चांगली आहे म्हणतात, तर ते बारावी सायन्सचे आहेत का. तुले तर केमिस्ट्रीत काठावरच मार्क होते, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं.

काही शब्दांचा अर्थ मात्र विचारावा लागला नाही. 'रिजेक्शन' हा त्यातला एक. जो तो सांगत होता की सुरुवातीला त्याला किती रिजेक्शन मिळालं. कुणाचं नाक मोठं म्हणून, कुणाचा रंग सावळा म्हणून. ललिताबाई पोळ्या लाटायच्या थांबल्या. हे त्यांना ठाऊक होतं. निकालाच्या दिवशी भिंतीवर लावलेल्या कागदावर आपला नंबर सापडला नव्हता, त्याला एवढा सरळ शब्द आहे हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

पुंजाजींना हा सगळा प्रकार रिकामपणाचा उद्योग वाटायचा. त्यांच्या मते घरात इंग्रजी जाणणारे तेच होते, कारण रेल्वेचं सगळंच इंग्रजीत. 'लाइन क्लिअर', 'शंटिंग', 'राइट टाइम' हे शब्द ते झोपेतही बोलायचे. बायको मोबाइलसमोर पुटपुटताना दिसली की ते म्हणायचे, या वयात कोनत्या सिरियलीत जाऊन राहिली तू?

त्या हिवाळ्यात अकोल्याहून ललिताबाईंच्या धाकट्या बहिणीचा, शकुनचा, फोन आला. अकोल्यात साड्यांचं नवं दुकान उघडत होतं आणि उद्घाटनाला खुद्द देवयानी सहगल येणार होती. ललिताबाईंनी जांभळी साडी इस्त्री केली. आठवडाभर दोन वाक्यं घोटली, 'आय ॲम युवर बिग फॅन' आणि 'यू आर व्हेरी ग्राउंडेड'. मोठं होऊनही ज्याचे पाय जमिनीवर आहेत त्याला ग्राउंडेड म्हणतात, हे त्यांना मालिकेतल्या एका दिराकडून कळलं होतं.

दुकानासमोर ही गर्दी. शकुनने कोपरं मारत वाट काढली आणि बहिणीला फोटोच्या रांगेत घुसवलं. रांग पुढं सरकली, आणि खरोखरच ती बाई हातभर अंतरावर आली. टीव्हीतल्यापेक्षा ठेंगणी, दमलेली, चांगल्या डोळ्यांची. तिने हिंदीत विचारलं, "कैसी हैं आप?"

ललिताबाईंच्या तोंडाला कुलूप लागलं. दोन्ही वाक्यं डोळ्यांसमोर लखलखत होती, पण एकही जिभेवर उतरेना. "थँक्यू," त्या म्हणाल्या. मग घाबरून म्हणाल्या, "सॉरी." मागच्या बाईने ढकललं आणि त्या बाहेर पडल्या. फोटोत नुसता त्यांचा पदर आला.

परतीच्या गाडीत त्या खिडकीपाशी बसल्या. मूर्तिजापूर आलं, चहावाले ओरडत गेले. दहावीत नापास झाल्यावर आईसोबत त्या अशाच बसल्या होत्या. पण तेव्हा रडू आलं होतं. आज रागच जास्त आला. आणि रागाच्या भरात विचार करता करता त्यांना एक गोष्ट उमगली. आपण आजवर नुसतं ऐकलं. शब्द कानात भरले, पण जिभेला कधी कामाला लावलं नाही. त्या नट्यांना रोज कुणीतरी प्रश्न विचारतं, म्हणून त्यांना उत्तर येतं. आपल्याला कोण विचारतं? तर मग आपणच विचारायचं.

दुसऱ्या दिवसापासून ललिताबाई स्वतःची मुलाखत घेऊ लागल्या. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, गॅसपाशी उभं राहून. आधी मुलाखत घेणाऱ्या मुलीच्या गोड आवाजात प्रश्न, मग आपल्या आवाजात उत्तर.

"मॅडम, हाऊ डिड युवर जर्नी स्टार्ट?"

"माय जर्नी स्टार्ट इन अकोला. माय फादर वर्क इन जिनिंग फॅक्टरी. माय मदर..." इथं अडलं. कापूस वेचण्याला कुठल्याच नटीने शब्द दिलेला नव्हता. रश्मीने सांगितला. "माय मदर पिक कॉटन."

रोज एक प्रश्न वाढायचा. लग्न कसं झालं. पहिला पगार कशावर गेला. मुलगी झाली तेव्हा कुणाला काय वाटलं. नट्यांचे शब्द पुरेनासे झाले की त्या रश्मीला विचारायच्या. रश्मी कामात असली की आहे त्या शब्दांवर भागवायच्या. व्याकरण लंगडत होतं, पण चालत होतं. एके दिवशी त्यांनी स्वतःला विचारलं, एनी रिजेक्शन, मॅडम? आणि भाजी ढवळत उत्तर दिलं, "येस. टेन्थ. इंग्लिश. टू टाइम. आय क्राय. नाऊ आय टॉक." भाजी खाली लागली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

वासाने पुंजाजी आत आले. "कोनाशी बोलून राहिली?"

"मुलाखत चालू हाये."

"कोनाची?"

"मायी."

पुंजाजींनी इकडंतिकडं पाहिलं, गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन बसले.

वर्ष असं गेलं आणि रश्मीने घरी एक गोष्ट सांगितली. तिच्याच लॅबमध्ये अनीश नावाचा मुलगा होता, केरळचा. दोघांचं ठरलं होतं. ललिताबाई-पुंजाजींनी मुलगा पाहिला, बोलून घेतलं, त्यांना तो आवडला. अडचण त्याच्या आईची होती. ओमना तिचं नाव, पोस्टातून निवृत्त झालेली. एकुलता एक मुलगा इतक्या दूरच्या, अनोळखी माणसांत लग्न करणार हे तिला पटत नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली की आधी मुलीचं घर पाहते, मग बोलते. तिला ना हिंदी येत होती, ना मराठी.

रश्मीने फोनवर सगळं नीट आखून दिलं. अनीशचे आईवडील सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरतील. ती आणि अनीश त्यांच्या आधी बसने पोचतील. "आई, तू फक्त हसत राहा," ती म्हणाली. "बोलायचं मी पाहून घेते."

ठरल्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. बस मेहकरजवळ बंद पडली होती. दुसरी गाडी मिळवून अकोल्यामार्गे यायचं म्हणजे संध्याकाळ होणार. आणि पुंजाजी तोवर पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर गेलेले.

पाहुणे आले. ओमना सडपातळ, सोनेरी काठाची फिकट साडी नेसलेली, ओठ मिटलेले. तिचे यजमान शशिधरन उंच आणि शांत. पुंजाजींनी वाटेतच आपलं इंग्रजी संपवलं होतं. "ट्रेन राइट टाइम, व्हेरी गुड," असं एकदा म्हणून झालं होतं आणि "आय पॉइंट्समन" असंही. आता चौघं समोरासमोर बसले आणि पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. शशिधरन उठून तिच्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "ग्रेट मॅन." पुंजाजी "येस, येस" म्हणाले. दोघांनाही बरं वाटलं, पण पुढं काय बोलावं हे दोघांनाही सुचेना.

ललिताबाई सांगितल्याप्रमाणे हसत होत्या. हसून हसून गाल दुखायला लागले. ओमना घर पाहत होती. दारावरचा पडदा, कोपऱ्यातला पाण्याचा माठ, कपाटावरचा रश्मीचा पदवीचा फोटो. तिची नजर फोटोवरून ललिताबाईंवर आली. बोलायचं म्हणून बोलावं तसं तिने सावकाश विचारलं, "यू... वर्किंग? बिफोर?"

ललिताबाईंच्या डोळ्यांसमोर अकोल्यातलं ते दुकान आलं. पण हा प्रश्न ओळखीचा होता. तो त्यांनी स्वतःला कितीतरी दुपारी विचारला होता.

"येस," त्या म्हणाल्या. "आय वर्क इन अंगणवाडी. स्मॉल चिल्ड्रन. आय कुक, आय वॉश, आय सिंग. व्हेरी चॅलेंजिंग."

पुंजाजींनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

ओमना पुढं सरकून बसली. तिच्या नात्यातली एक बाई तिकडं हेच काम करत होती. मग तिने विचारलं, लग्न कसं झालं. ललिताबाईंनी सांगितलं. तुमचं माहेर कुठलं. तेही सांगितलं, जिनिंग फॅक्टरी आली, कापूस आला. ओमनाने विचारलं की कापूस वेचताना हाताला लागतं का. याचं उत्तर ललिताबाईंनी घोकलेलं नव्हतं. त्यांनी बोटं पुढं करून दाखवली आणि म्हणाल्या, "माय मदर हँड, ऑल कट. शी से, यू गो स्कूल." ओमना त्या बोटांकडे पाहत राहिली.

स्वयंपाकाची वेळ झाली तेव्हा ओमना आपण होऊन मागं मागं स्वयंपाकघरात आली. ललिताबाईंनी पाट दिला तर ती बसली नाही. लसूण सोलायला घेतला. ललिताबाई पाटोडीच्या बेसनाच्या वड्या पाडत होत्या. लसूण सोलता सोलता ओमना बोलू लागली, थांबत, अडखळत, आणि तेव्हा ललिताबाईंच्या लक्षात आलं की हिचंही इंग्रजी आपल्यासारखंच आहे. हीसुद्धा शब्द शोधते आहे.

"ओन्ली वन सन," ओमना म्हणाली. "ही गो पुणे, ओके. नाऊ ही मॅरी, सो फार. आय फील... आय फील..." तिचा हात थांबला. शब्द सापडेना. तिने छातीवर मूठ ठेवली आणि मान हलवली.

हा शब्द ललिताबाईंकडे होता. नवी नटी मालिकेत आली की जुनीला काय वाटतं, हे विचारल्यावर प्रत्येकीच्या तोंडी तो यायचा.

"इनसिक्युअर?" त्या म्हणाल्या.

ओमनाने मान वर केली. "येस," ती हळूच म्हणाली. "दॅट."

"मी टू," ललिताबाई म्हणाल्या. "ओन्ली वन डॉटर. आय ऑल्सो इनसिक्युअर. रोज. एव्हरी डे."

ओमनाचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती हसली. ललिताबाईंनी बेसनाचा हात पदराला पुसला आणि तिचा हात धरला. पुढचं त्यांनी कुठल्याच मुलाखतीत ऐकलेलं नव्हतं. ते त्यांनी तिथल्या तिथं जुळवलं. पोरं रविवारी मला फोन करतील तर आधी तुम्हाला करतील. तुम्हाला केला नाही तर मी फोन उचलणार नाही. "नो फोन यू, नो फोन मी," असं त्यांनी ते सांगितलं, आणि ओमनाला ते बरोबर कळलं.

थोड्या वेळाने ओमनाच म्हणाली की तिच्या बहिणी फार चौकस आहेत, लग्नात त्या खूप प्रश्न विचारतील.

"लेट दे आस्क," ललिताबाई म्हणाल्या. "आय लाइक क्वेश्चन्स."

बाहेर पुंजाजी आणि शशिधरन आता अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर कशी घेतात हे पुंजाजी काड्या मांडून समजावत होते. आतला सगळा संवाद त्यांच्या कानावर गेला होता. ललिताबाई पाणी द्यायला आल्या तेव्हा ते वराडीत हळूच म्हणाले, "ललिता, तू त मेल निघाली. आमी इतके दिवस तुले पॅसिंजर समजत होतो."

संध्याकाळी रश्मी आणि अनीश धापा टाकत आले. रश्मीच्या हातात शकुनमावशीने वाटेत दिलेला डबा आणि ओठांवर तयार माफी होती. ती दारातच थबकली. आत दोन्ही आया एका मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. ओमना आपल्या मल्याळम मालिकेतली एक सासू दाखवत होती आणि ललिताबाई तिच्यावर तोंडसुख घेत होत्या. ओमना लेकाला पाहून आपल्या भाषेत भराभर काहीतरी बोलली. अनीशच्या चेहऱ्याचा रंगच बदलला.

"काय म्हणाल्या?" रश्मीने घाबरून विचारलं.

"म्हणते, तारीख लवकर ठरवा," अनीश म्हणाला. "नाहीतर त्या दोघी परस्पर ठरवतील."

लग्न अमरावतीच्या एका हॉलमध्ये झालं. केरळहून ओमनाच्या बहिणी, भाऊ, भाचरं असे बरेच जण आले, आणि सगळे खरोखरच चौकस निघाले. ललिताबाई त्या दिवशी एका जागी बसल्या नाहीत. आलूबोंड्याबरोबर कढी का देतात, वऱ्हाडात एवढं ऊन असतं तर माणसं जगतात कशी, नवरीने पांढरी साडी का नेसली, असं कुणी काही विचारलं की त्या उभ्या उभ्या उत्तर द्यायच्या. शकुनला काही विचारायचं असलं तर तिचं वराडी त्या इंग्रजीत करून पुढं पाठवायच्या आणि उत्तर घेऊन यायच्या. शकुन तोंडाला पदर लावून बहिणीकडे पाहत होती. अकोल्याच्या त्या दुकानात तिनेच तिला रांगेत घुसवलं होतं.

विधी सुरू झाला. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या, भंतेजींनी त्रिसरण-पंचशील म्हणवून घेतलं. पाहुण्यांच्या रांगांत कुजबुज झाली. ओमनाची थोरली बहीण पुढं वाकली आणि हे काय म्हणतात म्हणून तिने ललिताबाईंना विचारलं. रश्मी समोर माळ घेऊन उभी, अनीश तिच्या शेजारी. सांगायला दुसरं कुणीच नव्हतं. आणि या गोष्टींचे शब्द कुठल्याही नटीने, कुठल्याही दिराने दिलेले नव्हते. जर्नी इथं चालणार नव्हती, केमिस्ट्रीही नाही.

ललिताबाई खुर्च्यांच्या रांगेपाशी गेल्या आणि त्यांनी ते आपल्या परीने सांगितलं. लहानपणापासून म्हणत आलेल्या एकेका वचनाला त्यांनी एक एक बोट दिलं. "नो किलिंग. नो स्टीलिंग. नो बॅड रिलेशन. नो लाय." मागच्या रांगाही ऐकायला पुढं झुकल्या. "ॲण्ड नो ड्रिंकिंग." यावर केरळच्या बाजूचे दोन काका एकमेकांकडे पाहून हसले, आणि काहीही न समजता वऱ्हाडच्या बाजूचे दोन काकाही हसले.

थोरल्या बहिणीने विचारलं की मग मुलगा मुलीला काय वचन देतो आहे. ललिताबाईंनी भंतेजींचं बोलणं ऐकलं आणि सांगितलं, "ही विल गिव्ह रिस्पेक्ट. ऑल लाइफ. शी ऑल्सो. सेम टू सेम."

म्हातारीने मान डोलावली आणि ते आपल्या भाषेत मागच्या रांगेला सांगितलं. मागच्या रांगेने तिच्या मागच्या रांगेला. माळा पडल्या, फुलं उधळली गेली, सगळा हॉल 'साधू, साधू, साधू' म्हणाला. केरळच्या पाहुण्यांनीही ते बरोबरीने म्हटलं. जेवणाच्या पंगतीकडे लोक वळले तरी ती थोरली बहीण ललिताबाईंचा हात सोडायला तयार नव्हती. तिला अजून बरंच विचारायचं होतं, आणि ललिताबाईंनी तिच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली.